चार नंबरचं वेगळं बिऱ्हाड

सोमवार, ६ नोव्हेंबर

परत आलं! टीव्हीच्या लायसन्सवाल्यांचं पत्र. लाल शाई, आणि वर पत्ता — ‘खोली क्रमांक ४ मधील रहिवासी’. नाव नाही, काही नाही, रहिवासी म्हणे! एक्काहत्तर वर्षं इंग्लंडातल्या मोरकमच्या या किनाऱ्यावर काढली. थेल्मा रॉथवेल कोण, हे माशांच्या दुकानातल्या मांजरालाही विचारा.

आत तेच. तुमच्याकडे टीव्ही आहे असं आम्हाला वाटतं. तुम्ही विनालायसन्स बघता असं आम्हाला वाटतं. आमचा माणूस येऊ शकतो.

येऊ दे की! नियम मला त्यांच्याहून चांगला पाठ आहे. वाहिनीवर जे चालू आहे ते त्याच वेळी बघायचं, तर लायसन्स लागतं. एका घराला एक. नुसता टीव्ही ठेवला आणि त्यावर जुन्या डीव्हीडी लावल्या, तर काही लागत नाही. मी तेवढंच करते. बागकामाच्या आणि स्वित्झर्लंडच्या आगगाड्यांच्या डीव्हीडी. आगगाड्या आता पाठ झाल्यात. तिसऱ्या बोगद्यानंतर गाय येते.

खाली माझ्या बहिणीचं, डोरीनचं, लायसन्स आहेच. आम्ही एका घरातल्या असतो तर तेच मला चाललं असतं. पण आम्ही एका घरातल्या नाही. एका छपराखाली आहोत, इतकंच! हे मे महिन्यात मी स्वतः लायसन्सवाल्यांना फोन करून कळवलं. चार नंबरच्या खोलीला स्वतंत्र कुलूप आहे, आत किटली आहे, शेगडी आहे, वेगळं बिऱ्हाड म्हणून लिहून घ्या — आणि त्या बिऱ्हाडात कुणी टीव्ही बघत नाही, तेही लिहा. त्यांनी पहिलं लिहून घेतलं. दुसऱ्यावर त्यांचा विश्वास नाही.

असू दे. सख्ख्या बहिणीचे उपकार घेण्यापेक्षा लाल पत्रं परवडली.


मंगळवार, ७ नोव्हेंबर

डोरीनने टीव्हीचा आवाज इतका मोठा केला होता की माझ्या कपातला चमचा वाजत होता. साडेसातची मालिका. आम्ही दोघींनी कितीतरी वर्षं एकत्र बघितली ती. मर्टलचा पब आणि तिचे ते दोन नालायक मुलगे.

मी आगगाड्या लावल्या. बोगद्यात आवाज येत नाही, त्यामुळे खालचं सगळं ऐकू आलं. मर्टलचा धाकटा मुलगा तुरुंगातून सुटलाय वाटतं.

मला काय त्याचं!


बुधवार, ८ नोव्हेंबर

आज हद्द झाली.

स्वयंपाकघर एकच आहे (त्याला माझा इलाज नाही, नळ तिथेच आहे). कपाट उघडलं तर डोरीनच्या प्रत्येक बरणीला रबरबँड! मार्मलेडला एक, लोणच्याला दोन, मधाला तीन. म्हणजे मी तिचं मार्मलेड खाल्लं तर तिला कळावं! मी! जिने लहानपणी माझ्या वाटची बिस्किटं खाऊन वर उंदरांवर ढकललं, ती आता मला चोर ठरवणार.

मी माझ्या बरणीवर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: ‘थेल्मा. खुशाल खा.’ तिच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी ठेवली.


गुरुवार, ९ नोव्हेंबर

बरणीवर काही उत्तर नाही. वाचूनही न वाचल्यासारखं करते. ते तिला छान जमतं.


शुक्रवार, १० नोव्हेंबर

संध्याकाळी खालून थाळी वाजली. पितळेची ती मोठी थाळी. हे घर गेस्ट हाउस होतं तेव्हा पाहुण्यांना जेवायला बोलवायला आई वाजवायची. आई गेल्यापासून हात लागला नव्हता तिला.

मी जिन्यापर्यंत गेले. ओव्हनमध्ये मासे भाजल्याचा वास येत होता, वर बटाटा नि चीजचा थर देऊन, आई करायची तसे. डोरीन खालून ओरडली, “जेवण तयार आहे. कुणाला हवं असेल तर.”

कुणाला! नाव घ्यायला काय झालं?

“चार नंबरमध्ये जेवणाची सोय आहे!” मी वरूनच सांगितलं.

“बरं,” म्हणाली. आणि मग, जरा वेळाने, “थंड होईल, एवढंच.”

मी पावावर बीन्स घालून खाल्ले. बीन्सही थंडच होते, शेगडी नीट चालत नाही. नंतर पाणी आणायला गेले तर ओव्हनमध्ये एक ताट झाकून ठेवलेलं. मी झाकण उघडून बघितलं आणि परत ठेवलं. रुबाब म्हणजे रुबाब.


रविवार, १२ नोव्हेंबर

चर्चमध्ये ऑड्री भेटली. कोटाला कागदी लाल फूल लावून युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं, तर ही शेजारी कुजबुजते — “अजून बोलत नाही का गं तुम्ही? या वयात? फेब्रुवारीपासून?”

या वयात नाही तर कधी! वीस वर्षांची असते तर वेळ होता, नंतर भांडले असते.

आणि ऑड्रीनेच विचारावं? ती तर तिथेच होती! तो प्रसंग एकदा इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की थेल्मा आखडू.

मी नवा लाल कोट घेतला होता. आयुष्यात पहिल्यांदा लाल. शनिवारचा बाजार. ऑड्री म्हणाली, “बघ, डोरीन येतेय, दाखव तिला.” मी हात हलवला. डोरीन समोरून आली, अगदी हातभर अंतरावरून. माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि सरळ पुढे निघून गेली! जशी मी दिव्याचा खांब! ऑड्रीच्या देखत!

घरी येऊन विचारलं, “बाजारात ओळख दाखवायला लाज वाटते का? कोट भडक आहे म्हणून?” तर म्हणाली, “मी नाही बघितलं तुला.” भर दुपारी, लाल कोटात! ही बाई आईच्या काळात दारात उभी राहून तीन खोल्यांपलीकडची धूळ दाखवायची. “नाही बघितलं,” म्हणे.

मी म्हटलं, खोटं तरी नीट बोल. त्याआधीही तिचं काही खरं नव्हतंच. शब्दकोडं सोडवायला बसायची नाही — “तूच वाच, मला कंटाळा आलाय.” नाताळची भेटकार्डं न वाचता मांडून ठेवायची. कंटाळा तिला माझा आला होता, ते मला कळत नव्हतं का? मी म्हटलं, वर जाते राहायला. तिने एवढंच म्हणावं — “तुला जायचंय तर जा.”

गेले मग!

बारा वर्षं आईचं केलं मी. डोरीन तेव्हा लीड्सला नवऱ्याच्या घरी. आईला उचलणं, भरवणं, रात्री-अपरात्री उठणं, सगळं मी एकटीने. आई गेली त्या दिवशी याच जिन्यात उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं — आता यापुढे मी कुणाचंही करणार नाही. आणि नवरा गेल्यावर ही बाई परत इथेच आली, तेव्हा कोण आनंदाने पडदे धुतले होते मी! त्याची ही फेड.


सोमवार, १३ नोव्हेंबर

गवंडी येऊन बघून गेला. नाताळ झाला की जिन्याच्या तोंडाशी भिंत घालायची. मागच्या बाजूने मला स्वतंत्र दार, लोखंडी पायऱ्या. खालचं तिचं, वरचं माझं. बोलणं नको, भेटणं नको, थाळी नको.

त्याने विचारलं, “बहिणीला विचारलंत का?”

मी म्हटलं, “तुम्ही भिंत घाला. बहिणीला दिसेलच.”


मंगळवार, १४ नोव्हेंबर

तिला कळलेलं दिसतंय. जिन्याच्या पहिल्या पायरीच्या कडेला आज पिवळी चिकटपट्टी! या टोकापासून त्या टोकापर्यंत, झगझगीत. सरहद्द आखली बाईसाहेबांनी! इथून पुढे तुझं, इथून मागे माझं.

ठीक आहे. मी मुद्दाम पट्टीवर पाय देऊन गेले. दोनदा.


गुरुवार, १६ नोव्हेंबर

लायसन्सवाल्यांना फोन केला. म्हटलं, माणूस पाठवायचाच आहे तर लवकर पाठवा, माझ्याकडे भिंतीचं काम आहे.

फोनवरची मुलगी चांगली होती. मी तिला म्हटलं, “पोरी, एक सांग. खालच्या बिऱ्हाडातला टीव्ही माझ्या फरशीतून ऐकू येतो. नुसता ऐकू येतो. त्याला लायसन्स लागतं का?”

ती हसायला लागली. “ऐकण्याला नाही लागत, आजी. तुम्ही मुद्दाम ऐकता का?”

“मुळीच नाही!” मी म्हटलं. “मर्टलच्या मुलाने पबची चावी चोरली, त्याच्याशी माझा काय संबंध?”


शुक्रवार, १७ नोव्हेंबर

आवाजाबद्दल आज बोलायलाच लागलं. जेवणघराचं दार वाजवलं. आत दिवा नाही! अंधारात बसून टीव्ही बघते, विजेची कंजुषी. दाराबाहेरूनच म्हटलं, “डोरीन, आवाज कमी कर जरा.”

“का गं? आमचा आवाज तुमच्या बिऱ्हाडात येतो का?”

“येतो!”

“मग तुमच्या बिऱ्हाडाला सांग, कान बंद कर.”

मला हसू आलं, खरं सांगायचं तर. हे डोरीनचं बोलणं मला आवडतं. आवडायचं. मी हसू गिळलं आणि वर आले. मागून ती म्हणाली, “थेल्मा —” मी थांबले नाही. काही सांगायचं असेल तर उठून यायचं होतं.


शनिवार, १८ नोव्हेंबर

आता तिला सामानही दारात हवं. दुकानातला माणूस पिशवी आणून देतो. महाराणी!


रविवार, १९ नोव्हेंबर

चर्चला नाही गेले. समुद्र पार मागे हटलाय, नुसता चिखल. दिवसभर आगगाड्या. गाय आली.


मंगळवार, २१ नोव्हेंबर

आला! लायसन्सवाल्यांचा माणूस. हेस्केथ नाव. उंचच उंच, नाक लाल, गळ्यात ओळखपत्र. मी तयारच होते. म्हटलं, आत घ्यायची सक्ती नाही हे मला माहीत आहे, पण या, बघाच!

चार नंबरमध्ये आणलं. टीव्ही दाखवला. मागे वायर नाही, भिंतीत अँटेना नाही. डीव्हीडी दाखवल्या. त्याने आगगाड्यांची उचलून बघितली. “ही चांगली आहे का?” म्हणाला. मी म्हटलं, “घेऊन जा.”

मग चहा दिला आणि खऱ्या मुद्द्यावर आणलं. “लिहा,” म्हटलं, “की हे वेगळं बिऱ्हाड आहे.”

तो खुर्चीवर जरा चुळबुळला. “बाई, तुमचा भाडेकरार आहे का वेगळा?”

“घर आईचं. दोघींच्या नावावर आहे.”

“स्वयंपाकघर?”

“एक. पण बरण्या वेगळ्या!”

“बाथरूम?”

“एक. पण वेळा वेगळ्या!”

“मग बाई, हे एकच घर झालं,” म्हणाला. “कुलूप लावलं म्हणून घर वेगळं होत नाही. तुमच्या बहिणीच्या लायसन्सवर तुम्ही बिनधास्त बघा. आमच्याशी तुमचा वादच उरत नाही.”

“माझा तुमच्याशी वाद नाहीच! मला तिच्या लायसन्सवर बघायचं नाही!”

“पण त्या तर म्हणत होत्या, एकच घर आहे म्हणून.”

“कोण?”

“तुमच्या बहीणबाई. आत्ता खाली दार त्यांनीच उघडलं ना. म्हणाल्या, आम्ही दोघी इथे राहतो, वरची माझी धाकटी बहीण आहे, जरा रागावलेली आहे, तिला त्रास देऊ नका.”

मी चहात साखर ढवळली. मी साखर घेत नाही.

आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं. “त्यांचं अर्ध्या दराचं लायसन्स सगळ्या घराला चालतं, काळजी नको. बघणारं दुसरं कुणी असलं तरी चालतं.”

“कसला अर्धा दर?”

“ते... डोळ्यांनी दिसत नाही त्यांना सवलत असते ना —” आणि कपाकडे बघायला लागला. “मी हे बोलायला नको होतं. तुम्हाला माहीतच असेल म्हणा.” कप ठेवला आणि उठलाच. डीव्हीडी विसरून गेला.

तो गेल्यापासून माझं डोकं तापलंय.

डोळ्यांनी दिसत नाही! डोरीनला! तीन खोल्यांपलीकडची धूळ बघणारी डोरीन आंधळी! चार पैसे वाचवायला आंधळेपणाचं सोंग! आईच्या घरात, आईच्या पत्त्यावर फसवणूक! आणि वर मलाच चोर समजून बरण्यांना रबरबँड लावते. मी तिच्या अर्ध्या दराच्या लायसन्सवर बघायचं? मेले तरी नाही!

उद्या साडेसातला खाली जाणार. मालिका ऐन रंगात आली की काही न बोलता तिच्या नि टीव्हीच्या मध्ये जाऊन उभी राहणार. ‘बाजूला हो, दिसत नाहीये!’ असं ती ओरडली की झालं. मग बघते तिच्याकडे. लाल कोटच घालून जाते.


बुधवार, २२ नोव्हेंबर

गेले. दार उघडंच होतं. अंधार, आणि आवाज भिंती हलवणारा. मर्टल कुणावर तरी ओरडत होती.

पडद्यावर चित्र नव्हतं. काळा ठिक्कर. टीव्ही बिघडलाय, कधीपासून कोण जाणे. नुसता आवाज येतोय. आणि डोरीन त्याच्याकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, बघत बसलेली.

मी मध्ये उभी राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला मी दिसले नाही. बाजारात बघितलं होतं, अगदी तसंच.

मला खुर्ची धरावी लागली. ती करकरली. “कोण आहे?” डोरीन घाबरून म्हणाली.

“मी आहे गं.”

तिने चाचपत आवाज कमी केला. मग म्हणाली, “आईचं तू बारा वर्षं केलंस. आता माझंही कर म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? तू तर जिन्यात उभं राहून सांगितलं होतंस.”

मी तिच्या शेजारी बसले. रबरबँड बोटांनी चाचपून बरणी ओळखायला होते, पिवळी पट्टी पायरी कळायला. मला रडू येत होतं, पण तिला ऐकू गेलं असतं.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “आज काय घातलंय गं मर्टलने?”

मी काळ्या पडद्याकडे बघितलं. “लाल कोट,” म्हटलं.

“तुझ्यासारखा? ऑड्री सांगत होती तुझ्या कोटाचं.” मग जरा थांबून, “शोभतो का?”

“चांगला शोभतो.”

उद्या गवंड्याला नको म्हणून कळवायचं. नवा टीव्ही आणायचा. लायसन्स आहेच.